एका टिपणाची कुळकथा

नाणेफेकीत छाप साधारण निम्म्या वेळा पडते, हे कोणीही सांगेल. पण ३,६०० फेकींत ती १,७७० ते १,८३० वेळा पडण्याची संभाव्यता किती? द्विपद सूत्राने हे उत्तर काटेकोर मिळते. मात्र त्यासाठी एकसष्ट पदांची बेरीज करावी लागते आणि त्यातील प्रत्येक पद हजाराहून अधिक अंकी असते. याकोब बर्नुलीच्या १७१३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रयोगसंख्या वाढली की प्रत्यक्ष प्रमाण संभाव्यतेजवळ येते, हे सिद्ध झाले होते. तथापि त्याच्या एका उदाहरणात पुरेशा खात्रीसाठी २५,५५० प्रयोग लागत होते.

ही कोंडी फोडली ती एका निर्वासिताने. अब्राहम द म्वाव्रचा जन्म १६६७ चा, फ्रान्समधला. १६८५ साली चौदाव्या लुईने नांतचे फर्मान रद्द केले आणि प्रॉटेस्टंट पंथाच्या या तरुणाने पुढे लंडन गाठले. १६९७ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. विद्यापीठाचे अध्यापकपद मात्र त्याला कधीच लाभले नाही. शिकवण्यांवरच त्याने आयुष्य काढले.

१२ नोव्हेंबर १७३३ रोजी त्याने एक छोटे लॅटिन टिपण छापून मित्रांना वाटले. द्विपद विस्तारातील मधल्या पदापासून दूर जाताना पदे कशी घटतात, याचा नियम त्यात होता. त्यासाठी लागणारा स्थिरांक जेम्स स्टर्लिंगने पुरवला होता. विचलनाचे माप प्रयोगसंख्येच्या वर्गमूळात आहे, हा त्यातील गाभा. ३,६०० चे वर्गमूळ ६०, त्याचे निम्मे ३०. म्हणून १,८०० च्या दोन्ही बाजूंना ३० पर्यंतच्या पट्ट्याची संभाव्यता त्याने सुमारे ०.६८ काढली. आज अर्ध्या एककाची दुरुस्ती केल्यावर ती ०.६९ येते. प्रयोग शंभरपट झाले तरी विचलन दहापटच वाढते. नमुना पाहणीचा सारा व्यवहार याच नियमावर उभा आहे.

१८०९ साली गाउसने हाच वक्र निरीक्षणातील चुकांना लावला, १८१२ मध्ये लाप्लासने त्या पद्धतीला व्यापक रूप दिले. वक्राला नाव गाउसचे चिकटले. द म्वाव्रच्या टिपणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते कार्ल पिअर्सनने, १९२४ साली. परमुलखात जाऊन रुजलेल्यांचे श्रम त्या भूमीच्या उपयोगी पडतात. पण त्यांच्या नावाची नोंद कोणीतरी जाणीवपूर्वक जपावी लागते.