पिन अडकली

पॅरिस, मे 1948. खिसा चाचपू नका, मोबाइल यायला अजून बराच अवकाश आहे. तुम्ही बातिन्योलच्या रेल्वे यार्डात उभे आहात. समोर वाफेची सहा इंजिनं, बाजूला रेडिओची रेकॉर्डिंग व्हॅन. पिएर शेफेर नावाचा सदतिशीचा रेडिओ इंजिनिअर ड्रायव्हर मंडळींना गळ घालतोय: एकानं शिट्टी द्यायची, बाकीच्यांनी उत्तर. चक्क सवाल-जवाब! एका इंजिनाचा घसा बसलाय, दुसरं किंचाळतंय.

स्टुडिओत ऐकायला बसलं की मात्र पंचाईत. गाडी आली, गाडी सुटली, कुणीतरी गेलं. कान लगेच गोष्ट रचायला लागतो. शेफेरला गोष्ट नकोय, संगीत हवंय.

टेप इथं नाही, सगळा कारभार तबकड्यांवर. जरा पुढे सरका. सुई काळ्या तबकडीवर चर कोरतेय, केसासारखा काळा कीस वर येतोय. एरवी हा चर वळत वळत आत जातो. हा माणूस त्याचं शेवटचं टोक सुरुवातीला जोडून टाकतो. घरी ग्रामोफोनची पिन अडकली की आपण धावत जाऊन उचलतो. हा मुद्दाम अडकवतोय! मिनिटाला 78 फेरे, म्हणजे पाऊण सेकंदाचा तुकडा, पुन्हा पुन्हा. खडक-खट्, खडक-खट्. पहिल्या चार फेऱ्यांत रूळ दिसतात. दहाव्या फेरीला गाडी निघून गेलेली असते. विसाव्याला उरतो नुसता ठेका, आणि तुमची बोटं मांडीवर मात्रा मोजू लागतात. आज ज्याला लूप म्हणतात तो हाच. फक्त आता एक टिचकी पुरते, इथं चुकलं की नवी तबकडी. तीच तबकडी 33च्या गतीनं लावली की आवाज सप्तकभर, किंबहुना थोडा जास्तच, खाली उतरतो. शिट्टीचा हंबरडा होतो.

मला विचाराल तर खरी करामत त्याच्या घंटेच्या प्रयोगाची. ठोका पडेपर्यंत माइक बंद. पडून गेला की हळूच उघडायचा. ‘टण्ण्’मधला ‘ट’ गेला, ‘ण्ण्’ तेवढा राहिला. आणि घंटा ओळखूच येत नाही! कुणी ओबो फुंकतंय असं वाटतं. धातूची सगळी ओळख त्या एका ‘ट’मध्ये होती.

आता 5 ऑक्टोबरवर या. कुणाच्या तरी दिवाणखान्यात, रेडिओजवळ. कार्यक्रमाचं नावच ‘गोंगाटाची मैफल’. पाच रचना, त्यातल्या एकीत स्वयंपाकघरातली पातेली. रेल्वेची रचना जेमतेम तीन मिनिटांची. शिट्टी. वाफ. मग खडक-खट्, खडक-खट्, खडक-खट्.

घरमालकीणबाई उठतात आणि रेडिओच्या डोक्यावर एक चापटी मारतात.