दोन पेन्सिल सेलवरचं लिनक्स

2022 साली स्टीम डेक आला आणि हातात धरून खेळायच्या यंत्रावर लिनक्स चालतं, याचं अनेकांना नवल वाटलं. ते त्याआधी सोळा वर्षांहून अधिक काळ चालत होतं. दक्षिण कोरियातल्या एका लहान कंपनीनं 10 नोव्हेंबर 2005 रोजी विकायला काढलेलं जीपीटूएक्स हे यंत्र दोन पेन्सिल सेलवर लिनक्स चालवायचं, सिनेमे दाखवायचं, गाणी वाजवायचं आणि टीव्हीला जोडलं तर तिथंही चित्र द्यायचं. पुण्यात एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करताना मला जे येतं, त्यातलं बरंचसं मी या यंत्रापाशी शिकलो. म्हणून त्याचा इतिहास नीट सांगितला जावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. जपानी सांस्कृतिक मालावर दक्षिण कोरियात दीर्घकाळ बंदी होती आणि ती 1998 पासून टप्प्याटप्प्यानं सैल झाली. तोवर जपानी गेमयंत्रं तिथं कोरियन नावानं विकली जायची, निन्टेंडोची ह्युंदाईकडून आणि सेगाची सॅमसंगकडून. अशा देशात 1996 मध्ये गेम पार्क नावाची कंपनी उभी राहिली आणि 2001 च्या अखेरीस तिनं जीपी32 हे स्वतःचं यंत्र आणलं. त्यात सॅमसंगचा एआरएम प्रोसेसर होता आणि खेळ स्मार्टमीडिया कार्डावर यायचे. तांत्रिक बाबतीत ते चांगलंच होतं, पण वेगळेपण त्याच्या धोरणात होतं. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रासाठी प्रोग्राम लिहायचा तर परवाना, करार, महागडी सामग्री हे सगळं आलं. गेम पार्कनं सामान्य वापरणाऱ्यालाही आपला प्रोग्राम लिहून चालवायची वाट दिली. जीपी32 फार विकलं गेलं नाही. पण युरोपात त्याच्याभोवती प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा एक गोतावळा जमला आणि तो पुढं टिकला.

पुढचं यंत्र कसं असावं यावरून कंपनीत दोन तट पडले. एकाला सोनीच्या पीएसपीसारखं थ्रीडी यंत्र हवं होतं, दुसऱ्याला जीपी32 चा मोकळेपणा पुढं न्यायचा होता. दुसऱ्या गटातल्या लोकांनी बाहेर पडून गेमपार्क होल्डिंग्ज ही कंपनी काढली आणि जीपीटूएक्स केलं. मूळ गेम पार्क 2007 मध्ये दिवाळखोरीत गेली.

नव्या यंत्रासाठी त्यांनी निवडलेली चिप मॅजिकआइज या कंपनीची एमएमएसपी2. ही चिप घडवलेली होती खिशातल्या व्हिडिओ प्लेअरसाठी. व्हिडिओ उलगडायची आणि चित्र लहानमोठं करायची सोय थेट हार्डवेअरमध्ये होती, थ्रीडीची मात्र अजिबात नव्हती. आत दोन एआरएम प्रोसेसर, एक 920टी आणि दुसरा 940टी, दोन्ही 200 मेगाहर्ट्झचे. 64 एमबी रॅम, 64 एमबी फ्लॅश, एसडी कार्डाची खाच, साडेतीन इंची पडदा, 320 बाय 240 चा. या सगळ्यावर लिनक्सचं 2.4 कर्नल. जीपीटूएक्स आधी मीडिया प्लेअर होतं आणि मग गेमयंत्र, असं मी म्हणतो ते या चिपमुळं. डिव्हएक्स आणि एक्सव्हिड सिनेमे, एमपी3 आणि ऑग गाणी, फोटो, साध्या मजकुराची पुस्तकं हे सगळं पहिल्या दिवसापासून त्यात होतं. व्हिडिओ प्लेअर मुळात एमप्लेअर, म्हणजे लिनक्सवाल्यांच्या रोजच्या वापरातलाच.

माझ्याकडं ते 2006 मध्ये आलं. मावसभाऊ ब्रिटनमध्ये नोकरीला होता, सुट्टीवर येताना घेऊन आला. साधे अल्कलाइन सेल ते बघता बघता संपवायचं, म्हणून बुधवार पेठेतून 2500 एमएएचचे चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर आणला. दोन यंत्रात, दोन चार्जरवर. त्या वेळी मराठी सिनेमे मिळायचे ते व्हीसीडीवर, एकेका सिनेमाच्या दोन नाहीतर तीन तबकड्या. त्यांचं चित्र 352 बाय 288 चं. संगणकावर मेनकोडर लावून मी ते 320 रुंदीवर आणायचो, एक्सव्हिडमध्ये बांधायचो, तबकड्या एकामागोमाग एक जोडायचो. रात्री काम लावून झोपायचं आणि सकाळी एक जीबीच्या कार्डावर दोन सिनेमे तयार. बांधताना सेकंदाला किती चित्रं हे चुकलं की अर्ध्या तासात आवाज पुढं आणि ओठ मागं, त्यामुळं शेवटच्या प्रसंगापर्यंत जाऊन तपासायची सवय लागली. डेक्कन क्वीननं मुंबईला जाताना खिडकीशी बसून, कानात बोंडं घालून मी त्यावर किती जुने मराठी चित्रपट पाहिले! शेजारच्या सीटवरचे काका एकदा लोणावळ्यापासून दादरपर्यंत माझ्या खांद्यावरून बघत आले आणि उतरताना म्हणाले, "पुढचं काय झालं ते सांगा बरं का कधीतरी."

हा झाला कंपनीनं दिलेला भाग. वापरणाऱ्यांनी त्यात जे घातलं ते याहून कितीतरी मोठं आहे. जीपीटूएक्सवरच्या प्रोग्रामच्या नावाला शेवटी जीपीई असं शेपूट असायचं. आत पाहिलं तर तो साधा लिनक्स प्रोग्राम, नाहीतर शेल स्क्रिप्ट. कार्डावर टाकायचा आणि मेनूतून निवडायचा, संपलं. सही नाही, कुलूप नाही. एक गोष्ट मात्र पाळावी लागे. कुठलाही प्रोग्राम सुरू झाला की मेनू स्वतः निघून जायचा, रॅम मोकळी करून द्यायला. त्यामुळं आपला प्रोग्राम संपवताना शेवटच्या ओळीत मेनूच्या फोल्डरात जाऊन तो पुन्हा चालू करून द्यायचा. ती ओळ राहिली तर पडदा काळा आणि यंत्र बंद करून परत लावायचं. दुसऱ्याला जागा करून द्या आणि जाताना त्याला हाक मारा, हा शिस्तीचा पाठ आजही नव्या मुलांना शिकवताना मी याच उदाहरणानं देतो.

आणि तो दुसरा प्रोसेसर! लिनक्स चालायचं पहिल्यावर. दुसऱ्याला मेमरी मॅनेजमेंट युनिटच नव्हतं, त्यामुळं तिथं लिनक्स बसणं अवघड. 64 पैकी वरची 32 एमबी रॅमही कर्नलनं स्वतःकडं घेतलेली नव्हती, ती व्हिडिओच्या कामाला राखलेली. जगभरातल्या हौशी लोकांनी रजिस्टर एकेक करून चाचपली, काय लिहिल्यावर काय होतं याच्या नोंदी केल्या, त्या एकमेकांना दिल्या. वरची रॅम कॅशविना संथ चालायची. स्क्विज या टोपणनावाच्या प्रोग्रामरनं कर्नलच्या पानांच्या तक्त्यात बदल करून तिला वेग दिला. नोताझ या टोपणनावाच्या प्रोग्रामरनं पिकोड्राइव्ह हा सेगा मेगा ड्राइव्हचा एम्युलेटर इथं आणला आणि आवाजाचं जड काम दुसऱ्या प्रोसेसरवर टाकलं. पहिला खेळ चालवतोय, दुसरा मूळ यंत्रातल्या आवाजाच्या चिपची नक्कल करतोय, मधे दोघांची सामायिक रॅम. दोन कोअरवर काम वाटून घेणं म्हणजे काय, हे मला एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा त्या कोडनं जास्त नीट समजावलं.

कंपनी या बाबतीत मागं राहिली हेही सांगायला हवं. लिनक्स आणि एमप्लेअर वापरायचं तर जीपीएल परवान्यानुसार बदललेला सोर्स कोड द्यायला हवा. तो सुरुवातीला मागूनही मिळत नव्हता आणि त्यासाठी लोकांना पाठपुरावा करावा लागला. मला यात लोकांची बाजू पूर्णपणे बरोबर वाटते. ज्यांच्या फुकट श्रमावर यंत्र उभं आहे त्यांना त्यांचा हक्क मिळायलाच हवा. पुढं ओपनटूएक्स नावानं लोकांनी स्वतःचं फर्मवेअरही उभं केलं.

2007 च्या ऑक्टोबरात टचस्क्रीन असलेलं एफ-200 आलं, 2009 मध्ये लहानसं विझ, 2010 मध्ये कानू. तोवर खिशातल्या फोननं सिनेमा आणि गाणी दोन्ही उचलली होती. गोतावळ्यातल्याच काही जणांनी कंपनीची वाट न बघता पँडोरा हे यंत्र स्वतः काढायचं ठरवलं. चिमुकला कीबोर्ड, 800 बाय 480 चा पडदा, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ओमॅप3530 आणि आत डेस्कटॉपसारखं पूर्ण लिनक्स. सप्टेंबर 2008 मध्ये लोकांनी आगाऊ पैसे भरले, पहिली यंत्रं हातात पडायला 2010 उजाडलं. चीनच्या स्वस्त डिंगू ए320 वर दुसरीच प्रणाली होती, हौशी लोकांनी तिथंही लिनक्स नेऊन बसवलं.

एकावरून दुसऱ्यावर सॉफ्टवेअर कसं गेलं हे पाहणं मला फार आवडतं. जीपीटूएक्ससाठी लिहिलेला जीमेनूटूएक्स हा मेनू डिंगूवर गेला आणि तिथून 2013 च्या जीसीडब्ल्यू झीरोवर. नाव तेच राहिलं. नोताझनं पुढं पँडोरासाठी प्लेस्टेशनचा एम्युलेटर एआरएमवर वेगात आणला, तोच नंतर रास्पबेरी पायवर लोकांनी वापरला. आणि पिकोड्राइव्ह आज ज्या स्वस्त चिनी यंत्रांवर चालतो, त्यांच्या मालकांनी जीपीटूएक्स हे नावही ऐकलेलं नसेल. त्याच्या सोर्स कोडमध्ये जीपीटूएक्सचा फोल्डर उघडला की दुसऱ्या, 940 प्रोसेसरसाठी वेगळा लिहिलेला भाग सापडतो. ज्यांना एम्बेडेडचं काम शिकायचं आहे, त्यांनी तो जरूर वाचावा. ऑपरेटिंग सिस्टिमविना एक प्रोसेसर कसा जागा करायचा, त्याला काम कसं द्यायचं आणि झालं का हे कसं विचारायचं, ते तिथं वाचता येतं.