शहापूर-मुरबाडमधील खरेदीव्यवस्था : सावकार, सरकार आणि कंपनी

खरेदी हे केवळ बाजारातून वस्तू आणण्याचे काम नव्हे, ही जाणीव औद्योगिक जगास क्रमाक्रमाने झाली. मार्शल कर्कमन या अमेरिकन रेल्वे-अधिकाऱ्याने १८८७ साली रेल्वेच्या सामानाच्या खरेदीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पीटर क्रालजिक याने १९८३ साली पुरवठ्यातील जोखीम आणि नफ्यावरील परिणाम या दोन कसोट्यांवर खरेदीचे वर्गीकरण केले. मात्र ही सर्व मीमांसा खरेदीदाराच्या बाजूची होय. विक्रेत्याच्या बाजूने हाच इतिहास कसा दिसतो, हे ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांवरून स्पष्ट होते.

भात आणि वनोपज ही या भागाची मुख्य विक्रेय वस्तू. कल्याणपासून कसाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १८६१ साली पूर्ण झाला आणि शहापूर तालुक्याचा माल मुंबईच्या जवळ आला. मुरबाडला मात्र कल्याणच्या रस्त्यावरच विसंबून राहावे लागले. तथापि लोहमार्गाने अंतर कमी केले तरी विक्रेत्याचे बळ वाढविले नाही. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की आदिवासी कुटुंबाने व्यापाऱ्याकडून उचल घ्यावयाची व सुगीस पिकाच्या रूपाने ती फेडावयाची, ही ‘पालेमोडी’ची रीत होती. भाव ठरे तो सुगीत नव्हे, तर आषाढ-श्रावणात.

दुसऱ्या महायुद्धात सरकार स्वतः खरेदीदार झाले. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तांदळाची आयात तुटली आणि १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. ते चालविण्यासाठी प्रांतात धान्यवसुली, म्हणजेच लेव्ही, आवश्यक ठरली. या खरेदीचा हेतू शहर जगविणे हा होता. पिकविणाऱ्याची पावसाळी गरज तिच्या कक्षेत नव्हती.

ती गरज प्रथम ओळखली गेली ती १९७० नंतर. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९७६ च्या कायद्याने आदिवासींच्या मालाच्या एकाधिकार खरेदीस आधार मिळाला. खरेदीस खावटी कर्जाची जोड देण्यात आली, हे या योजनेचे खरे वैशिष्ट्य होय. उचल आणि विक्री यांचा सावकाराने घातलेला सांधा केवळ हमी भावाने तुटणारा नव्हता. त्यासाठी उचलही दुसरीकडून मिळणे अवश्य होते.

अलीकडील टप्पा कंपन्यांचा आहे. वनहक्क कायदा, २००६ याने गौण वनोपजावरील स्वामित्व मान्य केले आणि २०१८ साली वनधन योजना सुरू झाली. शहापूर परिसरातील कातकरी तरुणांच्या गटाने गोळा केलेल्या गुळवेलीस औषधी कंपन्यांकडून मागणी आली. येथे विक्रेता प्रथमच संघटितपणे मोठ्या खरेदीदारासमोर उभा राहिला, ही गोष्ट लहान नाही.

या चार अवस्थांत खरेदीदार बदलला. प्रश्न मात्र एकच राहिला. भाव किती, याइतकेच पैसा केव्हा हातात पडतो, यास महत्त्व आहे. चुकारा लांबला तर हमी भाव कागदावर राहतो आणि गरजू माणूस पुन्हा रोख देणाऱ्याच्या दारी जातो. खरेदीसंस्थेची परीक्षा तिच्या दरपत्रकाने नव्हे, तर श्रावणातील उचल कोण देतो यावरून करणे इतिहासास धरून होईल.