निरोप स्वस्त झाला, साक्षीदार गेला

लालबागच्या आमच्या चाळीत एक मावशी राहतात. यजमान गिरणीत साच्यावर होते. संपानंतर काम गेलं आणि पुढे तेही गेले. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, तेव्हापासून मावशींचं लक्ष त्या यादीकडे लागलेलं. मध्यंतरी त्यांच्या मोबाइलवर संदेश आला, ‘आपणास घर मंजूर झाले आहे.’ फोन घेताना नातवानं त्यात ई-मेल उघडून दिला होता. मागोमाग त्यावर एक पत्रही आलं. वर सिंहमुद्रा, खाली गोल शिक्का. ‘अनामत रक्कम आज सायंकाळपर्यंत भरावी, अन्यथा घर पुढील अर्जदारास जाईल. ही माहिती गोपनीय ठेवावी.’ मावशींनी वीस हजार रुपये भरले. तीन दिवसांनी मला कळलं.

मी विचारलं, “मावशी, मला का नाही दाखवलंत?”

त्या म्हणाल्या, “अरे, त्यातच लिहिलं होतं ना, कुणाला सांगू नका म्हणून!”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण याच मावशींची पत्रं लहानपणी मीच वाचून दाखवत असे. त्यांच्या घरी आलेला एकही कागद चाळीतल्या दोन-चार डोळ्यांखालून गेल्याशिवाय राहत नसे. मग निरोप एवढा एकटा केव्हापासून यायला लागला? आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

गिरणगाव आणि टपाल ही तशी जुळी भावंडं. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली ती १८५४ साली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्याच १८५४ साली टपालाचा नवा कायदा आला आणि देशभर एकच पद्धत लागू झाली. पत्राचा दर अंतरावर नव्हे, तर वजनावर ठरू लागला. परळहून पाठवलेलं पत्र पुण्याला जावो की पेशावरला, तिकीट तेवढंच. गाव सोडून शेकडो मैल दूर आलेल्या माणसाला याहून मोठी सोय कुठली?

पुढे १ जुलै १८७९ रोजी पोस्टकार्ड आलं. किंमत पाव आणा. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेले गिरणी कामगार गावकीच्या खोल्यांत राहत. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळ्या लावून झोपायचे. अशा माणसाला पाकीट परवडत नसे, कार्ड परवडत असे. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्यासाठी बोरीबंदरच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर पत्रलेखक बसत. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारी ही इमारत १९१३ साली पूर्ण झाली. तिच्या समोरच्या फुटपाथवर पुढची कित्येक वर्षं परक्यांची सुखदुःखं दुसऱ्याच्या अक्षरात उतरत राहिली.

आमच्या चाळीत ते काम माझ्याकडे होतं. वडील गिरणीत, आई खेड तालुक्यातल्या गावी. मी शिकायला वडिलांजवळ. आईला पत्र लिहायला बसलो की शेजारचे दोघे-तिघे आपापली कार्डं घेऊन यायचे. ‘हिला सांग, म्हशीला विकू नको.’ ‘लिही, गणपतीला येतो, पण नक्की नाही.’ कार्डाची जागा संपली की कडेनं उभ्या ओळी लिहायच्या. पुढे मी कविता लिहू लागलो. कमी जागेत जास्त सांगायचं शिक्षण मात्र मला त्या कार्डांनी दिलं.

पोस्टकार्ड उघडं असे. पोस्टमन वाचायचा, शाळेचे गुरुजी वाचायचे, सासू तर हमखास वाचायची. नवराबायकोला एकमेकांशी मोकळं लिहिणं अवघड होतं. ‘इथे सर्व खुशाल’ या तीन शब्दांत किती गिळलेलं असे, ते लिहिणाऱ्या पोराला कळत होतं. म्हणून जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही.

पैसे वाचवायच्या युक्त्याही तेव्हापासूनच्या. बिनतिकिटाचं ‘बैरंग’ पत्र पाठवलं की घेणाऱ्याला दुप्पट पैसे भरावे लागत. तेव्हा पाकिटावर ठरलेली खूण करायची. घेणाऱ्यानं खूण पाहायची, म्हणजे माणूस सुखरूप पोचला हे कळलं, आणि पत्र नाकारायचं. ना पाठवणाऱ्याचा पैसा, ना घेणाऱ्याचा. इंग्लंडमध्येही टपालसुधारक रोलंड हिल यांच्या नावावर अशीच एक आख्यायिका सांगतात. पुढे आपण मोबाइलवर ‘मिस्ड कॉल’ देऊ लागलो, तो या बैरंग पत्राचाच नातू!

तारेचा हिशेब शब्दावर. तार १८५५ साली सर्वसामान्यांसाठी खुली झाली. पत्त्याचे शब्दही मोजले जात, म्हणून पेढ्या एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून ठेवत. समुद्राखालची तार १८७० मध्ये मुंबईला येऊन मिळाली. मग कापसाचे व्यापारी सांकेतिक शब्दांचे जाडजूड कोश वापरू लागले. एका शब्दात अख्खं वाक्य. खर्चही वाचे आणि भावही गुप्त राही. सामान्यांसाठी तार खात्यानं शुभेच्छांना आकडे दिले होते. दिवाळीचा आकडा एक, ईदचा दोन, लग्नाच्या आशीर्वादाचा आठ. आकडा सांगायचा, पलीकडे पूर्ण वाक्य छापून मिळायचं. दिवाळी आणि ईद त्या यादीत अशा लागून होत्या, जशा आमच्या चाळीत दोन खोल्या.

खोटे निरोप तेव्हाही होते. शेतीच्या दिवसांत रजा मिळेना, की गावाहून तार यायची, ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा.’ एका गृहस्थांची आई तीन वर्षांत चार वेळा अत्यवस्थ झाल्याचं आमच्या चाळीत हसून सांगत. पण गंमत बघा. खोटी तार करायलाही तालुक्याला जावं लागे, पैसे मोजावे लागत, तारबाबूसमोर उभं राहावं लागे. फसवणूक महाग होती, म्हणून ती मोजकी होती.

आणि पैशाच्या निरोपाला तर साक्षीदार लागत असे. टपाल खात्यानं १८८० साली मनिऑर्डरचं काम हाती घेतलं. पगार झाला की गिरणगावातल्या पोस्टांत रांगा लागत. शेवटच्या काळात वीस रुपयांमागे एक रुपया हशील पडे. पण त्या रुपयात काय काय मिळे? गावचा पोस्टमन दारात येई, माणूस ओळखून हातावर पैसे ठेवी. सही येत नसेल तर अंगठा घेई आणि अंगठ्याला साक्षीदाराची सही मागे. मग पोचपावती मुंबईला परत. आईच्या वाकड्यातिकड्या सहीची ती पावती वडील पाकिटात घालून ठेवत. पैसे पोचले एवढंच ती सांगत नसे. ‘मी आहे’ असंही सांगत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. भोंगे थांबले आणि मनिऑर्डरीही आटल्या. कित्येक जण गावी परतले ते परतलेच.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९८२ मध्ये, अमेरिकेत जोनाथन पोस्टेल नावाच्या संगणकतज्ज्ञानं ई-मेलच्या ने-आणीचे नियम कागदावर मांडले. पुढे जगभरचा ई-मेल त्या नियमांवर चालू लागला. त्यात पत्र कसं द्यायचं, कसं घ्यायचं, सगळं होतं. फक्त एक गोष्ट नव्हती. पाठवणारा स्वतःचं जे नाव सांगतो तोच तो आहे का, याची खात्री करण्याची सोय. तेव्हा हे जाळं मोजक्या विद्यापीठांचं नि संशोधकांचं होतं, सगळे ओळखीचे. गावकीच्या खोलीला कुलूप कशाला? पण त्या खोलीत पुढे सगळं जग राहायला आलं.

आपल्याकडे हे सगळं टप्प्याटप्प्यानं आलं. आधी गिरगाव-दादरच्या चाळींत एखाद्याकडेच टेलिफोन. बाकीचे आपल्या कार्डावर तोच नंबर छापून पुढे ‘पी.पी.’ लिहीत. गॅलरीतून हाक आली की धावत जायचं आणि सगळ्यांसमक्ष बोलायचं. मग एसटीडीची पिवळी पाटी आली. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून पावणेअकरापासून रांग. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. त्याच वर्षी मुंबईत मोबाइल आला, तेव्हा आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. ते बंद झाले २००३ मध्ये.

मोबाइलच्या ‘एसएमएस’चं आणि पोस्टकार्डाचं नातं तर सख्खं आहे. संदेशात अक्षरं किती असावीत, हे ठरवताना १९८५ साली जर्मनीतले अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी पोस्टकार्डांवरचा मजकूर मोजून पाहिला. बहुतेक कार्डं दीडशे अक्षरांच्या आत संपत होती. त्यावरून मर्यादा ठरली १६०. पण ही रोमन अक्षरं. देवनागरीत लिहिलं तर एका संदेशात ७० च, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे मराठीत मराठी लिहिणं दुपटीहून महाग! म्हणून आपण रोमन लिपीत मराठी लिहू लागलो. त्यात ‘तर’ आणि ‘तार’ सारखेच दिसतात. आता इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशांना अक्षरांचा हिशेब उरला नाही. देवनागरीवरचा तो जादा खर्चही गेला, ही या स्वस्ताईची मला सर्वांत आवडणारी देणगी.

इकडे एकेक जुनी खिडकी बंद झाली. १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटची तार घेतली गेली. जुन्या पद्धतीची मनिऑर्डर २०१५ मध्ये थांबली. निरोप जवळजवळ फुकट झाला, पण तो भामट्यालाही फुकट झाला. पूर्वी त्याला दर पत्रामागे तिकीट लागे. आता तो लाखभर पत्रं एका झटक्यात सोडतो. त्यातला एक जण फसला तरी त्याचं भागतं. ‘आय लव्ह यू’ असं नाव घेऊन मे २००० मध्ये एक ई-मेल जगभर फिरला. प्रेमपत्र समजून जोडलेली फाइल ज्यानं उघडली त्याच्या संगणकात विषाणू शिरला आणि त्याच्याच नावानं त्याच्या ओळखीच्यांना पत्रं गेली. ओळखीच्या नावालाच लोक फसले.

मग करायचं काय? मी तंत्रज्ञ नाही, पण चाळीतला जुना पत्रवाचक आहे. तेवढ्या अधिकारानं सांगतो.

ई-मेलवर दिसणारं नाव म्हणजे पाकिटाच्या मागचं नाव, कुणीही काहीही लिहावं. पत्ता पाहावा, आणि तो शेवटाकडून वाचावा. आपल्या पत्त्यात आधी मुक्काम, मग तालुका, शेवटी जिल्हा. तिथेही तसंच, खरा मालक शेवटी असतो. बँकेचं नाव पुढे लावून शेवट भलताच असेल तर ते पत्र बँकेचं नव्हे. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या संकेतस्थळांवर येण्यासाठी ऑक्टोबर २०२५ अखेरची मुदत दिली होती. ती खूण लक्षात ठेवावी. पण खूण बरोबर दिसली तरी पैशाची बाब असेल तर पत्रातल्या दुव्यावर बोट न लावता, पासबुकावरचा नंबर आपण स्वतः फिरवावा.

ओटीपी म्हणजे आपला अंगठा. पोस्टमन समोर नसताना कोऱ्या कागदावर कुणी अंगठा देतं का? आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो फक्त देताना लागतो. ‘पैसे मिळतील, पिन टाका’ म्हणणारा आपल्या खिशातूनच काढतो आहे. फसवणूक झालीच, तर लाज धरू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवले जातात. जितकी लवकर तक्रार, तितकी ते वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. मावशींचे तीन दिवस गेले, त्याबरोबर पैसेही गेले.

आणि सर्वांत महत्त्वाचं. ज्या निरोपात पैसा आहे, घाई आहे आणि ‘कुणाला सांगू नका’ असं आहे, तो आधी कुणाला तरी सांगावा. मोठ्यानं वाचून दाखवावा. तरुणांना वाटतं, हे फक्त म्हाताऱ्यांसाठी. तसं नाही. मोठ्यानं वाचताना खोट्या पत्रातली अडखळ स्वतःच्याच कानाला कळते.

मावशींच्या मोबाइलवर परवा पुन्हा एक संदेश आला. त्या गॅलरीतून हाक मारत आल्या, “चष्मा लाव आणि वाच.” मी वाचला. विजेच्या बिलाचा होता, खरा होता. तरीही आम्ही दोघांनी जुनं बिल काढून ग्राहक क्रमांक ताडून पाहिला. मग मावशींनी बिल भरलं आणि मला चहा पाजला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)