केन्याचे पान

वरवट बकालच्या काळ्या शिवारात श्रावण-भादव्यातल्या सकाळी फिरले, की कपाशीच्या ओळींत आणि धुऱ्यांवर करंगळीच्या नखाएवढी निळी फुले दिसतात. हा केना. उन्हे चढली की फूल मिटते आणि दुपारपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही. गाव बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा. इथे केन्याकडे फूल म्हणून कोणी पाहत नाही. तो तण आहे आणि कोवळा असेपर्यंत भाजी आहे.

काही वर्षांपूर्वी याच शिवारात मी केन्याचे छायाचित्र काढले. दोन निळ्या पाकळ्या ठसठशीत, मधले पुंकेसर पिवळेधमक, मागचे सारे हिरवे धूसर. शेतात निंदण करणाऱ्या एका मावशींना ते कौतुकाने दाखवले. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, “फूल तं दिसून रायलं भाऊ, पण याचं पान कुठी हाय?” पुढे तेच छायाचित्र वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांपुढे ठेवले. त्यांचाही पहिला प्रश्न पानाचाच होता. पान रुंद की अरुंद, देठाशी खोडाला वेढणाऱ्या भागावर लव आहे की नाही, फुलाखालचे हिरवे आवरण नरसाळ्यासारखे जोडलेले आहे की मोकळे, हे दिसल्याशिवाय ही केन्याची कोणती जात ते सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. मावशी केना ओळखतात त्या खुडायच्या पानावरून आणि शास्त्रज्ञही बव्हंशी त्यावरूनच. फुलावर भाळलो होतो तो मी एकटा.

वनस्पतीचे चित्र जाणकारापुढे ठेवून तपासून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘होर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध केला. 1678 ते 1693 या काळात अॅम्स्टरडॅमला त्याचे 12 खंड निघाले. ते काम एकट्या चित्रकारांचे नव्हते. वनस्पती आणवून त्यांची नावे आणि गुण पारखणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मलबारी वैद्य होते. तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते. या तिघांनी 1675 मध्ये दिलेले कोकणी भाषेतले प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. चित्राखाली पारखणाऱ्याने सही करावी, ही कल्पना तिथे साडेतीनशे वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आली होती.

या ग्रंथाला टिपा लिहिणाऱ्यांत यान कॉमेलिन हा डच वनस्पतिशास्त्रज्ञ होता. केन्याच्या शास्त्रीय नावातले ‘कॉमेलिना’ त्याच्याच घराण्यावरून आले. लिनीयसने त्याची गंमतही सांगून ठेवली आहे: फुलाच्या दोन पाकळ्या ठळक, कारण घराण्यातले दोघे शास्त्रज्ञ नावाजले; तिसरी फिकी, कारण तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला. ती तिसरी पाकळी माझ्या छायाचित्रातही हरवली होती.

पुढे पारखणाऱ्यांची नावे मागे पडत गेली. पुण्याजवळच्या दापुरीच्या वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सन याने 1840 च्या दशकाअखेरीस एका देशी चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे काढून घेतली. आज ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. गिब्सनचे नाव राहिले, चित्रकाराचे नाही.

कॅमेरा आल्यावर वाटले असावे, की आता साक्षीदाराची गरज उरली नाही. पण कॅमेराही चुकतो. सुरुवातीच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. त्यामुळे निळे फूल पांढुरके आणि पिवळे फूल काळपट उमटे. 1873 मध्ये हर्मान फोगेल या जर्मन संशोधकाने रंगद्रव्ये मिसळून काचेला इतर रंगही दिसतील असे केले. रंगीत फिल्म आली तरी काही निळी फुले तिच्यावर गुलाबीसर उतरत, कारण त्यांच्या पाकळ्या आपल्या डोळ्यांना न जाणवणारा दूरचा लाल प्रकाशही परतवतात आणि फिल्म तो टिपते. अशा वेळी ‘हा रंग खरा नव्हे’ हे सांगायला फूल पाहिलेला माणूसच लागे.

फूल लहान असले, की आणखी एक अडचण येते. ते जेवढ्यास तेवढे टिपायचे, तर झडप एफ-16 पर्यंत बारीक करूनही जेमतेम दोन मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. झडप त्याहून बारीक केली तर सगळेच चित्र मऊ पडू लागते. म्हणजे काय स्पष्ट ठेवायचे आणि काय सोडायचे, हे दर वेळी ठरवावे लागते. मी पुंकेसर ठेवले आणि पान सोडले. मावशींनी आक्षेप घेतला तो नेमका या निवडीवर.

सह्याद्रीतल्या रानफुलांना अशी पारख करून घेणारे छायाचित्रकार लाभले. श्रीकांत इंगळहळीकरांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ 2001 मध्ये आणि त्याचा पुढचा भाग 2007 मध्ये आला. कासचे पठार 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. बुलढाण्याच्या वनस्पतींची नोंद भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 2000 मध्ये ‘फ्लोरा ऑफ बुलढाणा डिस्ट्रिक्ट’ या ग्रंथात केली आहे. पण धुऱ्यावरचा केना, विष्णुकांत किंवा ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला पाहायला कोणी मुद्दाम वाट वाकडी करून येत नाही.

आता धुरे अरुंद होत आहेत आणि निंदणाची जागा फवारणी घेते आहे. केन्याची मला फारशी काळजी नाही. खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी तो रुजतो. जमिनीखालीही त्याला न उमलणारी फुले येतात आणि तिथेच बी धरते. ग्लायफोसेटसारख्या तणनाशकालाही तो सहजी दाद देत नाही. काळजी आहे ती पान कुठे आहे असे विचारणाऱ्यांची. निंदण थांबले, की हाताने रोप ओळखणेही थांबेल. मग कितीही देखणे छायाचित्र काढले तरी ते चुकले आहे, हे सांगायला शिवारात कोणी उरणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी तीन छायाचित्रे काढली: एक सबंध रोपाचे, एक पान आणि खोडाच्या सांध्याचे, एक फुलाचे. मावशींनी दुसरे पाहून मान हलवली, “हं, हा केना.” छायाचित्राखाली पारखणाऱ्याचे नाव हवे म्हणून मी त्यांचे नाव लिहू लागलो, तर म्हणाल्या, “पेपरात नाव नोको.” म्हणून इथे ते नाही. पण कोचीच्या त्या तिघा वैद्यांच्या सह्यांइतकाच हा होकारही त्या छायाचित्राचा पुरावा आहे.