प्लम केकमधला पेठा आणि कदळी

आजचा विषय डिसेंबरातला आहे: प्लम केक. सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. प्लम केकमध्ये प्लम कुठे असतो? उत्तर सोपं आहे, नसतोच. जुन्या इंग्रजीत बेदाणे, मनुका अशा सुक्या फळांनाही प्लम म्हणत. हा केक म्हणजे मैदा, अंडी, लोणी आणि साखर यांच्यात दारूत भिजवलेली सुकी फळं आणि साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल घालून भट्टीत मंद भाजलेला गोड पदार्थ. तो आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला, यात वाद नाही. पण आला तसाच राहिला का?

यासाठी आधी उत्तर मलबारात, तलश्शेरीला जाऊ. इंग्रज या गावाला टेलिचेरी म्हणत. इथे १८८० साली मांबळ्ळी बापू यांनी रॉयल बिस्किट फॅक्टरी सुरू केली. बिस्किटं करायला ते ब्रह्मदेशात शिकले, असं सांगतात. पुढची गोष्ट त्यांच्या घराण्यात आणि गावात सांगितली जाते ती अशी. १८८३ साली नाताळाच्या आधी अंजरकंडीच्या दालचिनी मळ्याचे मालक मर्डॉक ब्राउन दुकानात आले. बरोबर विलायतेहून आणलेला केक होता. तो बापूंना चाखायला दिला, कृती समजावली आणि विचारलं, असा करून देशील का? खजूर, बेदाणे वगैरे साहित्यही दिलं. ब्रँडी मात्र जवळच्या माहेहून आणायला सांगितली. माहे तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं.

बापूंनी धर्मडमच्या लोहाराकडून साचा करून घेतला. मसाले मलबारचेच. पण माहेची ब्रँडी त्यांनी घेतली नाही. त्याऐवजी काजूच्या बोंडांची गावठी दारू आणि कदळी जातीची केळी वापरली. कोकण-गोव्याच्या वाचकांना त्या बोंडांचा वास कसा असतो हे सांगायला नको. ब्राउनसाहेबांनी केक खाल्ला आणि आणखी डझनभर मागवले.

आता इतिहास म्हणून या गोष्टीकडे थोडं चिकित्सेने पाहू. मर्डॉक ब्राउन हे नाव मलबारच्या इतिहासात ठळक आहे, पण तो माणूस अठराव्या शतकाच्या अखेरीचा. कंपनी सरकारने अंजरकंडीचा मळा उभारला तो त्याच्या देखरेखीखाली. १८८३ साली तो हयात असणं शक्य नाही. म्हणजे दुकानात आले ते त्याच घराण्यातले पुढचे ब्राउन असणार. दुसरं, ‘भारतातला पहिला केक’ हे बिरुद मला पटत नाही. कलकत्त्यात डेव्हिड विल्सन यांची बेकरी या गोष्टीच्या चाळीसेक वर्षं आधीपासून चालू होती. त्यातूनच पुढे ग्रेट ईस्टर्न हॉटेल झालं. साहेबांच्या बंगल्यांमधले खानसामेही पिढ्यानपिढ्या केक भाजत होते. फरक इतकाच की त्या खानसाम्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत आणि बापूंचं नाव त्यांच्या गावाने जपलं. मला हा फरक मोठा वाटतो. वसाहतीच्या काळातल्या स्वयंपाकाच्या इतिहासात चाखणाऱ्यांची नावं मिळतात, करणाऱ्यांची क्वचितच.

(जाता जाता: तलश्शेरी केक, क्रिकेट आणि सर्कस या तिन्हींसाठी प्रसिद्ध आहे. त्यातल्या सर्कशीचा धागा आपल्या विष्णुपंत छत्र्यांपर्यंत येतो. त्यांची सर्कस दौऱ्यावर तिथे गेली आणि पुढे कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी गावातल्या मुलांना सर्कशीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली.)

बापूंनी वापरलेलं साहित्य ‘स्थानिक’ होतं म्हणताना आणखी एक गंमत लक्षात घ्या. काजू मुळात ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी इकडे आणलेला. तीनशे वर्षांत तो इतका रुळला की विलायती ब्रँडीसमोर अस्सल गावठी ठरला. कदळी मात्र खरीच इथली. नावसुद्धा संस्कृतातलं.

तलश्शेरीत दारू बदलली. अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजात, फळच बदललं. १८५८ साली हे शहर वायव्य प्रांताची राजधानी झालं, १८६९ मध्ये आग्र्याहून हायकोर्ट आलं, रेल्वे तर आधीच होती. साहेब, वकील, रेल्वेतले अँग्लो-इंडियन, देशी ख्रिस्ती अशी मोठी वस्ती झाली. तिथे जो केक घडला त्यात लोण्याऐवजी साजूक तूप असतं. सालीच्या जोडीला, कधी तिच्या जागी, कोहळ्याचा पेठा असतो. शिवाय संत्र्याचा मार्मलेड किंवा मुरब्बा, आणि मसाल्यात बडीशेप, सुंठ, जायफळ, जायपत्री. रम असतेच.

हा केवळ स्वस्तातला पर्याय होता असं समजू नका. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नाही. नुसतं तूप घातलं तर केक भुसभुशीत, कोरडा होण्याची भीती. पेठा आणि मार्मलेड ती ओल भरून काढतात. त्यांच्यातली साखर पाणी धरून ठेवते, म्हणून केक लवकर सुकत नाही आणि त्याला बुरशीही सहजी धरत नाही. आपला मुरांबा वर्षभर टिकतो तो याच कारणाने. तूप आणि पेठा यांची ही सांगड ज्याने बसवली त्याला भट्टीचं आणि पाकाचं, दोन्हींचं ज्ञान होतं.

इथे शब्दांकडेही पाहा. मुरांबा हा अरबी मुरब्बा. इंग्रजी ‘शुगर’ अरबी सुक्करमधून गेला आणि सुक्कर फारसीवाटे आपल्या शर्करेतून. ‘कँडी’ शब्दाच्या मुळाशी आपली खंड, म्हणजे खांड साखर आहे. साखर करण्याची विद्या भारतातून इराण आणि अरब मुलुखांत गेली. फळं साखरेत मुरवण्याची कला युरोप अरबांकडून शिकला. मग विलायती केकमधली ती साखरेची साल आणि अलाहाबादचा पेठा परके कसे? लांबच्या नात्यातल्या दोघांची हजारेक वर्षांनी भेट झाली, इतकंच. दोन पाकपरंपरांचा मिलाफ म्हणताना आपण त्या दोन वेगळ्या होत्या असं गृहीत धरतो. या केकच्या बाबतीत ते निम्मंच खरं आहे.

अलाहाबादेत डिसेंबर लागला की अजूनही लोक मैदा, तूप, अंडी, सुकामेवा, पेठा असं सगळं साहित्य घरून घेऊन बेकरीत जातात, रांगेत थांबतात आणि डोळ्यांदेखत केक कालवून घेतात. भट्टी बेकरीची, प्रमाण घरचं. बडीशेप जास्त झाली, जायपत्री कमी पडली, अशी कुरबूर तिथेच चालते. केक नाताळचा, पेठा हलवायाकडचा, आणि भट्टीवरचा कारागीर बहुतेकदा मुसलमान. उत्तर प्रदेशातल्या आपल्या श्रोत्यांपैकी कोणी त्या रांगेत उभं राहिलं असेल, तर घरचं प्रमाण जरूर लिहून कळवा. आणि ते प्रमाण घरात कोणी ठरवलं, त्या व्यक्तीचं नावही लिहा.