पुढे कोणी चालावयाचे?

अध्यक्षमहाराज, बंधुभगिनींनो, आणि या दोन शब्दांत ज्यांना आपण आजवर बसवून घेतले नाही त्या मित्रांनो,

समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसाठी वर्षानुवर्षे खपणाऱ्या आपल्या गावच्या कार्यकर्त्यांचा यंदा या व्यासपीठावर सत्कार व्हावा, अशी सूचना व्याख्यानमालेच्या समितीत आली. तिला उघड विरोध कोणी केला नाही. पण ‘शाल-श्रीफळ देऊ आणि व्याख्यानाआधी पाच मिनिटांत उरकून घेऊ’ असा एक सूर निघालाच. त्या सभेत मीही होतो. ते पाच मिनिटांचे गणित माझ्या मनात सलत राहिले, म्हणून आजचा विषय घेतला.

मी विद्वान नव्हे. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण गेटसभेत आणि युनियनच्या कपाटातील पुस्तकांवर झाले. तेव्हा कामगाराला जे कळते त्या बाजूनेच हा इतिहास सांगतो. तो आहे इंग्लंड-वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या संपाचा.

मार्च १९८४. ब्रिटनमधील सरकारी कोळसा मंडळाने सुमारे वीस खाणी बंद करण्याचा आणि त्यांतील वीस हजार नोकऱ्या काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. खाणकामगारांची राष्ट्रीय युनियन संपावर गेली. अध्यक्ष होते आर्थर स्कारगिल. समोर पंतप्रधान मार्गारेट थॅचर. संप वर्षभर चालला. कोर्टाने दंड ठोठावून युनियनच्या पैशावर टाच आणली. युनियनला पाठवलेला पैसा अडकून पडण्याची भीती, म्हणून शहरांतील मदत समित्यांनी एकेका खाणवस्तीशी थेट नाते जोडले. तुमचे गाव आमचे. तुमची चूल पेटती ठेवणे आमचे काम.

लंडनमध्ये मार्क अ‍ॅश्टन नावाचा एक तरुण होता. वय चोवीस, वाढला उत्तर आयर्लंडमध्ये, तरुण कम्युनिस्ट संघटनेचा कार्यकर्ता आणि स्वतः समलिंगी. ३० जून १९८४ रोजी लंडनमध्ये समलिंगी लोकांचा वार्षिक मोर्चा निघाला. अ‍ॅश्टन आणि त्याचा मित्र माइक जॅक्सन बादल्या घेऊन त्या मोर्चात उभे राहिले आणि खाणकामगारांसाठी पैसे मागू लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत अ‍ॅश्टनच्या घरी मूठभर मंडळी जमली आणि ‘समलिंगी स्त्री-पुरुष खाणकामगारांच्या पाठीशी’ अशा अर्थाच्या नावाची समिती स्थापन झाली. जॅक्सन तिचे चिटणीस.

त्यांच्या स्वतःच्या माणसांनीच त्यांना विचारले : खाणकामगारांनी आपल्यासाठी कधी काय केले? प्रश्न खोटा नव्हता. खाणवस्त्यांतून टिंगल सोसून, प्रसंगी मार खाऊन शहरात आलेली मुले त्या मोर्चात होती. कायदाही फारसा बाजूला नव्हता. इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ साली एवढेच झाले होते, की एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांचा खाजगी संबंध गुन्हा राहिला नाही. नोकरीवरून काढले तर दाद मागण्याची सोय नव्हती. १९८४ च्या एप्रिलमध्येच सरकारी जकात खात्याने लंडनच्या मार्चमाँट स्ट्रीटवरील ‘गेज् द वर्ड’ या पुस्तकाच्या दुकानावर धाड घालून पुस्तके उचलून नेली होती. समितीचे उत्तर साधे होते : आज पोलिसांची काठी ज्यांच्या पाठीवर पडते आणि वर्तमानपत्रे ज्यांना शिव्या घालतात, ते खाणकामगार आहेत, आपल्याला दोन्हींची ओळख जुनी आहे. मग त्याच पुस्तकाच्या दुकानासमोर बादल्या खडखडू लागल्या.

त्यांनी गाठ बांधली दक्षिण वेल्समधील नीथ, डुलाइस आणि स्वान्सी खोऱ्यांच्या मदत समितीशी. सप्टेंबरमध्ये डाय डोनोव्हन हे त्या समितीचे कार्यकर्ते पैसे घेण्यास लंडनला आले. ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनची सत्तावीस माणसे ओन्लविन गावाच्या कामगार कल्याण सभागृहात पोहोचली. समितीच्या चिटणीस हेफिना हेडन यांच्यासारख्या बायांनी त्यांना घराघरांत झोपायला जागा दिली. दोन्ही बाजूंना धास्ती होती. एका ताटात जेवल्यावर ती बरीच उतरली. संपावरच्या माणसाला कोण आपले आणि कोण परके, हे कळायला फार भाषणे लागत नाहीत.

१० डिसेंबर १९८४ रोजी लंडनच्या कॅम्डन भागात ‘इलेक्ट्रिक बॉलरूम’ येथे निधीसाठी गाण्यांचा जलसा झाला. त्याच्या नावात त्यांनी ‘खाणी’ या शब्दाशेजारी स्वतःला पडणारी शिवीच बसवली. त्या एका रात्रीत ५,६५० पौंड जमले; सबंध काळात लंडनच्या समितीने जमविले ते सुमारे २२,५०० पौंड. पण त्या रात्रीची खरी कमाई पैशांत मोजता येत नाही. डोनोव्हन व्यासपीठावर आले आणि त्यांनी शब्द दिला. आशय असा : तुम्ही आमचा बिल्ला छातीवर लावलात, आता आम्ही तुमचा लावू. सारे एका रात्रीत बदलणार नाही, पण तुमचा प्रश्न यापुढे आमचाही आहे.

मित्रहो, व्यासपीठावर शब्द देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. मीही दिले आहेत. हा शब्द पाळला गेला की नाही, हेच तपासून पाहू.

३ मार्च १९८५ रोजी युनियनच्या प्रतिनिधींनी संप मागे घेतला. कामगार हरले. निधीची गरज सरली, बादल्या रिकाम्या झाल्या. इथे ही मैत्री सोयीने संपली असती, तर कोणी दोष दिला नसता. पण २९ जून १९८५ रोजी लंडनचा समलिंगी मोर्चा निघाला, तेव्हा वेल्सचे खाणकामगार आपापल्या बायकामुलांसह गाड्या भरून आले आणि युनियनचा फलक घेऊन मोर्चाच्या अग्रभागी चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगी लोकांच्या समान हक्कांचा ठराव आला. असे ठराव त्याआधी मार्गी लागत नव्हते. या वेळी तो मंजूर झाला आणि खाणकामगार युनियनची मते त्याच्या बाजूने पडली.

फळ लगेच मिळाले असे मात्र नाही. १९८८ साली थॅचर सरकारने ‘कलम २८’ आणले. शाळा आणि नगरपालिका यांनी समलिंगी जीवनाला उत्तेजन देऊ नये, अशी त्यात मनाई होती. ते स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले. पुढे खोऱ्यातल्या खाणी बंद पडल्या. अ‍ॅश्टन फेब्रुवारी १९८७ मध्ये एड्सने गेला, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी. त्या स्वयंपाकघरांत घडलेल्या शान जेम्स पुढे खासदार झाल्या. २०१४ साली या साऱ्यावर ‘प्राइड’ नावाचा चित्रपट निघाला आणि जग जागे झाले. २०१७ साली त्या पुस्तकाच्या दुकानावर अ‍ॅश्टनच्या नावाचा फलक लागला. २०१८ साली पॅरिस शहराने एका बागेला त्याचे नाव दिले. म्हणजे सत्कार झाला, पण मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

यात एक प्रसंग मला फलकाहून मोठा वाटतो. २०१५ साली, तीस वर्षे झाली म्हणून, लंडनच्या मोर्चाच्या संयोजकांनी जुन्या समितीला अग्रभागी चालण्याचा मान देऊ केला. तोवर त्या मोर्चाला बड्या कंपन्यांचा आश्रय मिळू लागला होता. समिती म्हणाली, आमच्याबरोबर कामगार संघटनाही पुढे चालतील. संयोजक म्हणाले, तुम्ही पुढे या, संघटनांची जागा मागे. तेव्हा त्यांनी तो मान नाकारला आणि ते संघटनांबरोबर मागे चालले. ज्यांच्यामुळे मान मिळाला त्यांना सोडून तो घ्यावयाचा नाही, हे ज्यांना कळते त्यांचा सत्कार करताना आपलाच हात थोडा थरथरला पाहिजे.

आता घरचे सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील साच्यावर कामाला होते. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. संप लांबला तसे कोणी गावी गेले, कोणाला गावाहून धान्य आले. आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीत चार तृतीयपंथी राहत. त्यांच्यापैकी एकीने, रात्री, कोणी पाहणार नाही अशा बेताने, आईच्या हाती तांदळाची पिशवी दिली. आईने घेतली, शिजवली, आम्ही जेवलो. हे आईने मला मी मोठा झाल्यावर सांगितले आणि वर म्हणाली, ‘दिवाळीला त्यांना फराळाचे ताट द्यायचे राहूनच गेले रे.’ ते ताट कधीच दिले गेले नाही. वेल्सच्या लोकांनी जे सहा महिन्यांत फेडले, ते आमच्या घरी चाळीस वर्षे थकले आहे.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या पदरची. मी एका कारखान्यात युनियनचा पदाधिकारी होतो. तिथे एक हेल्पर मुलगा आला. चालण्या-बोलण्यावरून त्याला ‘बायल्या’ म्हणत. डब्याच्या सुट्टीत त्याच्या शेजारी कोणी बसेना. एकदा त्याने मला गेटवर गाठून सांगितले, ‘साहेब, काहीतरी करा.’ मी म्हणालो, ‘बाबा, हा पगाराचा किंवा रजेचा प्रश्न असता तर लढलो असतो. हा युनियनचा प्रश्न नाही.’ महिनाभरात तो काम सोडून गेला. त्याला कोणी काढले नव्हते. म्हणून आमच्या दप्तरात त्याची केस नाही. ती माझ्या दप्तरात आहे.

आपल्याकडे कायद्याची वाट दीर्घ होती. इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात कलम ३७७ घातले. त्याच इंग्रजांनी १९६७ साली आपल्या घरी तो कायदा सैल केला. आपल्याकडे तो राहिला. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले, १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ काढला. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कलमाची धार काढली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. २०१४ साली त्याच न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी दोन सज्ञान माणसांचे संमतीचे प्रेम गुन्ह्यातून मुक्त झाले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालात मिळाला नाही.

निकाल कोर्टात लागतो. तो जगावा लागतो कारखान्यात आणि चाळीत. २०१७ साली कोचीच्या मेट्रोने तेवीस तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या. देशभर कौतुक झाले. पण शहरात त्यांना कोणी खोली भाड्याने देईना, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यातील काहींनी काम सोडले. नोकरी होती, छप्पर नव्हते. कौतुक करणाऱ्यांत घरमालकही असतील.

म्हणून माझी विनंती अशी. सत्कार जरूर करा, पाच मिनिटांत उरकू नका. शाल घालताना त्यांना विचारा, की आज तुमची अडचण कोणती? खोलीची असेल तर या सभागृहात दहा घरमालक बसले आहेत. दवाखान्याची असेल तर डॉक्टर बसले आहेत. कामाच्या जागी होणाऱ्या छळाची असेल, तर ती माझ्याकडे द्या. या खेपेस मी ‘हा युनियनचा प्रश्न नाही’ असे म्हणणार नाही.

येत्या १ मे रोजी आमचा मोर्चा निघेल. त्यांनी आपल्या फलकासह यावे, असे निमंत्रण युनियनच्या वतीने मी आजच देतो. पुढे चालावयाचे की आमच्याबरोबर मध्ये, हे त्यांनीच ठरवावे. आणि मोर्चा संपल्यावर माझ्या घरी फराळाचे एक ताट थकलेले आहे, त्याला यावे.